रुमालांतलें पत्र आणि चौकटींतलें पत्र

राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढिला. १७५० पासून १७६१ पर्यंतचा पत्रव्यवहार त्यांत आहे. प्रस्तावनेंतील कांहीं सिद्धांत पुराव्याच्या पुढें धांवतात, हें आम्हांस कबूल आहे. पण मूळ पत्रेंच समोर ठेविल्यामुळें वाचकास खुद्द राजवाड्यांविरुद्धही दाद मागतां येते! हा गुण थोडा नव्हे. हौशी संग्राहकाचें तसें नाहीं. शिक्कामोर्तब सुबक दिसलें कीं तो रुमालांतलें तेवढें एकच पत्र उचलतो व चौकटींत बसवितो. जुन्या मोडी पत्रांवर पुष्कळदां नुसता चंद्र असतो, सन नसतो. तो ठरवावयाचा शेजारच्या पत्रांवरून. शेजार तुटला कीं पत्र मुकें झालें. उरलेला रुमाल बहुधा रद्दीच्या तराजूंत जातो.