झेडएफएस या मुक्तस्रोत फाइल प्रणालीची वाटचाल आणि पुण्यातील एक विस्मृत प्रयत्न : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : फाइल प्रणाली, मुक्तस्रोत, झेडएफएस, लिनक्स, परवाना

प्रस्तावना

संगणकविषयक मराठी लेखनात ज्या घटकाची चर्चा जवळजवळ होतच नाही, असा घटक म्हणजे फाइल प्रणाली. हार्ड डिस्कवर कोणता मजकूर कोठे ठेवला आहे याची नोंद ठेवणारी, म्हणजे एका अर्थाने संगणकाचे दप्तर सांभाळणारी ही व्यवस्था होय. कारकून चोख असेपर्यंत त्याचे नाव कोणी घेत नाही, तसेच हिचेही आहे. मुंबई-पुणे जुन्या महामार्गावरील चौक (ता. खालापूर) यांसारख्या ठिकाणी एखाद्या महाविद्यालयाने जुनी हजेरीपत्रके, दाखले किंवा मोडी कागद स्कॅन करून साध्या संगणकावर ठेवले, तर वीस वर्षांनंतर ते जसेच्या तसे वाचता येतील काय, हा प्रश्न स्कॅनरच्या दर्जाइतकाच या दप्तरव्यवस्थेच्या दर्जाचाही आहे. डिस्कवरील एखादा बिट कोणताही आवाज न करता बदलू शकतो. फाइल उघडते, नाव तेच असते, तारीख तीच असते. मजकूर मात्र बिघडलेला असतो.

तपासणीचे नवे स्थान

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये झेडएफएसच्या निर्मितीस प्रारंभ केला. २००५ मध्ये ओपनसोलॅरिसच्या माध्यमातून तिचा स्रोत खुला झाला. त्यापूर्वीच्या बहुतेक प्रणाली डिस्कने जे उत्तर दिले ते खरे मानून चालत. झेडएफएसने तसे मानण्यास नकार दिला. प्रत्येक तुकड्याचा चेकसम त्या तुकड्याजवळ न ठेवता त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या तुकड्यात ठेवण्याची पद्धत तिने स्वीकारली. पावती आणि पावतीची पडताळणी एकाच पाकिटात ठेवली तर पाकीट बदलणाऱ्याला दोन्ही बदलता येतात. येथे पडताळणी दुसऱ्या वहीत आहे. शिवाय जुन्या मजकुरावर नवा मजकूर कधीही लिहिला जात नाही. नवे नव्या जागी लिहून मग निर्देश बदलला जातो. त्यामुळेच एखाद्या क्षणाची संपूर्ण स्थिती, म्हणजे स्नॅपशॉट, जवळजवळ विनाखर्च जतन करता येते. एक मर्यादा मात्र नोंदवली पाहिजे. मजकुराची दुसरी प्रत उपलब्ध असेल तरच प्रणाली बिघाड दुरुस्त करते. अन्यथा बिघाड झाल्याचे ती केवळ सांगते.

पुण्याचा भाग

झेडएफएसचा सीडीडीएल परवाना आणि लिनक्सचा जीपीएल परवाना परस्परांशी जुळत नाहीत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परिणामी ही प्रणाली लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये कधीच समाविष्ट झाली नाही. २००६ पासून ती कर्नलबाहेर, फ्यूज या पद्धतीने चालविण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेला लस्टर या महासंगणकीय साठवण व्यवस्थेखाली झेडएफएस हवी होती. तेथील अभियंत्यांनी २००८ पासून कर्नलमध्ये चालणारे रूपांतर हाती घेतले. परंतु लस्टरला नेहमीच्या फोल्डर-फाइलच्या स्तराची गरज नसल्याने तो स्तर सुरुवातीस तयार झाला नव्हता. सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने ही इमारत जिन्याशिवाय उभी होती.

हा जिना बांधण्याचे काम पुण्यातील केक्यू इन्फोटेक या छोट्या कंपनीने २०१० मध्ये केले. प्रयोगशाळेच्या कामाचा आधार घेऊन तिने पॉसिक्स स्तर जोडला आणि जानेवारी २०११ मध्ये झेडएफएसच्या संचयाच्या २८ व्या आवृत्तीस अनुरूप असे रूपांतर प्रसिद्ध केले. एप्रिल २०११ मध्ये एसटेक या अमेरिकी कंपनीने केक्यू इन्फोटेक विकत घेतली आणि झेडएफएसवरील तिचे काम थांबले. पुढे २०१३ मध्ये एसटेकही वेस्टर्न डिजिटलकडे गेली.

पुण्याच्या सॉफ्टवेअर उद्योगाचा गौरव करताना निर्यातीचे आकडे आणि नोकऱ्यांची संख्या सांगितली जाते. कर्नलच्या पातळीवर, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत पुण्यातील अभियंत्यांनी घातलेली ही भर त्या गौरवात क्वचितच आढळते. ती मोजता येत नाही, हेच बहुधा कारण असावे. तथापि कंपनी विकली गेली तरी काम विकले गेले नाही, ही बाब महत्त्वाची आहे. स्रोत खुला असल्यामुळे केक्यूचे काम अखेरीस लिव्हरमोरच्या रूपांतरात सामावले गेले. मालकी हक्काच्या सॉफ्टवेअरबाबत हे घडले नसते. याच न्यायाने पाहता सीडीडीएल परवान्याला केवळ अडथळा म्हणणे अपुरे ठरते. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी खुला विकास बंद केला. त्यानंतर झेडएफएस जिवंत राहिली ती याच परवान्यामुळे. ज्याने लिनक्सचे दार बंद केले त्यानेच ओरॅकलच्या कुलपातून सुटका केली.

अलीकडील प्रगती आणि तिची परीक्षा

सप्टेंबर २०१३ मध्ये ओपनझेडएफएस प्रकल्पाची घोषणा झाली. २०२० मधील २.० आवृत्तीने लिनक्स आणि फ्रीबीएसडी यांसाठी एकच स्रोत आणला. कर्नलबाहेर राहण्याची किंमत मात्र सतत मोजावी लागते. २०१९ मध्ये लिनक्स ५.० मध्ये एक अंतर्गत सुविधा काढून घेतली गेल्याने चेकसमची जलद गणना अडली व त्यावर वेगळा उपाय शोधावा लागला. अर्थात कर्नलमध्ये प्रवेश मिळणे म्हणजेही स्थैर्य नव्हे. बीकॅशएफएस ही प्रणाली जानेवारी २०२४ मध्ये लिनक्स ६.७ सोबत आत आली आणि विकासकांतील तीव्र मतभेदांनंतर २०२५ मध्ये ६.१८ आवृत्तीतून बाहेर पडली.

ऑक्टोबर २०२३ मधील २.२ आवृत्तीने ब्लॉक क्लोनिंग आणले. मजकूर प्रत्यक्ष न लिहिता प्रत तयार करण्याची ही सोय होती. काही आठवड्यांतच प्रत केलेल्या काही फाइलींत मजकुराऐवजी शून्ये आढळू लागली. आरंभी संशय नव्या सोयीवर आला, पण तपासाअंती दोष अनेक वर्षे जुना निघाला. नुकत्याच लिहिलेल्या फाइलीत रिकामी जागा कोठे आहे, या प्रश्नाला प्रणाली विशिष्ट क्षणी चुकीचे उत्तर देत होती. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांत दुरुस्ती झाली. ही घटना झेडएफएसच्या मूळ दाव्यावरच प्रकाश टाकते. चुकीने लिहिलेल्या शून्यांचा चेकसम अगदी बरोबर होता. लिहिल्यानंतर मजकूर बदलला नाही एवढेच चेकसम सांगतो. जे लिहिले ते योग्य होते असे तो सांगत नाही. या प्रणालीच्या समर्थकांनी हा भेद पुरेसा स्पष्ट केला नव्हता, असे म्हणावे लागते.

जानेवारी २०२५ मधील २.३ आवृत्तीत आलेला रेडझेड विस्तार छोट्या संस्थांच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त होय. तत्पूर्वी तीन डिस्कच्या संचात चौथी डिस्क सामील करता येत नसे. सर्व मजकूर अन्यत्र हलवून नवा संच उभारावा लागे. ज्या ग्रंथालयास वर्षाला एखादी डिस्क घेण्यापुरताच निधी मिळतो, त्याला हे कसे परवडणार? आता संच चालू असतानाच डिस्क जोडता येते. परंतु जाहिरातीत न दिसणारी एक अट आहे. तीन डिस्कच्या एकपदरी संचात मजकुराचे दोन भाग आणि संरक्षणाचा एक भाग असतो. चौथी डिस्क जोडल्यावर नव्या मजकुरासाठी हे प्रमाण तीनास एक होते, जुना मजकूर मात्र दोनास एक याच प्रमाणात राहतो. तो नव्या प्रमाणात आणण्यासाठी पुन्हा लिहावा लागतो. त्यासाठीची स्वतंत्र आज्ञा २०२५ मध्येच उपलब्ध झाली. पण जुने स्नॅपशॉट राखून ठेवलेले असतील तर जुने तुकडे त्यांच्याकडे अडकून राहतात, आणि ते स्नॅपशॉट पुसेपर्यंत जागा मोकळी होण्याऐवजी अधिकच व्यापली जाते.