ललिता पवार : खाष्टपणाच्या प्रतिमेचा पुनर्विचार

एखाद्या नटीचे नाव सामान्यनाम होऊन बसावे, हा तिच्या लोकप्रियतेचा पुरावा खराच. परंतु त्यातच तिच्या कलेची उपेक्षाही दडलेली असू शकते. ललिता पवार यांच्या बाबतीत असेच घडले. तिसगावसारख्या गावातील ओसरीवर काय किंवा मुंबईच्या चाळीत काय, खाष्ट सासूला ‘ललिता पवार’ म्हणून मोकळे होण्याची रीत पडली. या नावामागील अभिनयाचे स्वरूप कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ललिताबाईंचा जन्म १९१६ साली येवले येथे झाला. मूकपटांच्या काळात, १९२८ च्या सुमारास, त्यांनी बालनटी म्हणून पडद्यावर पदार्पण केले आणि लवकरच त्या नायिकापदास पोहोचल्या. १९४२ साली एका चित्रीकरणात सहनट भगवान यांची चपराक जोराने बसली. चेहऱ्याच्या स्नायूंना पक्षाघात झाला व डाव्या डोळ्यात कायमचे व्यंग राहिले. नायिकेच्या भूमिका तेथेच संपल्या. यावरून, अपघाताने चेहरा बदलला आणि त्या चेहऱ्याने खलनायिका घडविली, असा निष्कर्ष सरसकट काढला जातो.

हा निष्कर्ष अपुरा आहे. विशिष्ट भूमिका त्यांच्याकडे का आल्या, एवढेच त्याने समजते. त्या भूमिकांचे त्यांनी काय केले, हे समजत नाही. ‘रामशास्त्री’ (१९४४) या प्रभातच्या चित्रपटात त्यांनी आनंदीबाई साकारली. ‘ध’चा ‘मा’ करणारी ही स्त्री मराठी मनात केवळ दुष्टाव्याचे प्रतीक होऊन राहिली आहे. वस्तुतः सत्तेच्या उंबरठ्यावर अडविली गेलेली महत्त्वाकांक्षा हा त्या व्यक्तिरेखेचा गाभा होय. अशा भूमिकेला डोळ्याच्या व्यंगाने रंग चढेल, पण अर्थ लाभणार नाही. व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’ (१९५०) मधील सासूही याच दृष्टीने पाहावयास हवी. तिचा छळ हा लहरी स्वभावाचा उद्रेक नसून, घरातील आपला अधिकार आणि येणाऱ्या हुंड्याचा हिशेब यांच्याशी तो जखडलेला आहे.

याच वाणीचे दुसरे टोक पाहिले म्हणजे त्यांच्या कलेचे मर्म अधिक स्पष्ट होते. ‘श्री ४२०’ (१९५५) मधील केळी विकणारी गंगामाई आणि हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’ (१९५९) मधील घरमालकीण मिसेस डिसा या दोघीही फटकळच. मिसेस डिसा भाडेकरूला रागावते आणि त्याच्यावर माया करते. तिचे बोलणे करडे, कृती मात्र मातेची. बनावट औषधाने तिचा मृत्यू होतो तेव्हा प्रेक्षकाला चटका लागतो. कारण ही माया तोपर्यंत तिने शब्दांत सांडलेली नसते. या भूमिकेस फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, ते यथार्थच होय. ‘प्रोफेसर’ (१९६२) मध्ये तर करड्या शिस्तीची पालक स्त्री स्वतःच प्रेमात पडते. तिथे हास्य निर्माण होते खरे, परंतु त्या हास्याखाली दडपलेल्या आयुष्याची करुणाही जाणवते. तात्पर्य, खाष्टपणा आणि वात्सल्य या त्यांच्या अभिनयाच्या दोन तऱ्हा नव्हेत. कठोर वाणी हे एकच साधन. ते अधिकार राखण्यासाठी वापरले की सासू होते, ममता झाकण्यासाठी वापरले की मिसेस डिसा.

त्यांच्या भूमिकांत पुनरुक्ती नाही, असे म्हणता येणार नाही. बारीक केलेला डोळा, वेळावलेली मान, ताणलेला स्वर यांचा चित्रपटसृष्टीने ठराविक साच्यासारखा उपयोग करून घेतला, आणि पुष्कळ ठिकाणी त्या साच्यापलीकडे जाण्यास पटकथेने त्यांना वावच ठेवला नाही. याहून गंभीर दोष मात्र त्या साच्याच्या मुळाशी आहे. हुंडा हा दोन कुटुंबांतील व्यवहार. त्याचा लाभ घेणारे पुरुषही असतात. परंतु पडद्यावर त्याचे सारे पाप एका प्रौढ स्त्रीच्या मुखावर लिहिले गेले, आणि सुनेच्या दुःखाने रडणारा प्रेक्षक घरी परतताना व्यवस्थेला नव्हे, सासूला बोल लावीत गेला. १९८७ साली दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेत त्यांच्या वाट्यास मंथराच आली, हे या परंपरेशी सुसंगतच म्हणावयाचे.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे सामान्यनाम करून समाजाने स्वतःचा एक दोष एका नटीच्या स्वाधीन केला. तिच्या कलेचे मूल्यमापन करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने प्रथम तो दोष ज्याचा त्याला परत केला पाहिजे.