एकाच बाणाची चूक

संगणकाची ओळख करून देणाऱ्या शालेय पुस्तकांत एक आकृती हमखास आढळते. मध्ये संगणक, कळफलकाकडून आत येणारा एक बाण आणि प्रिंटरकडे जाणारा दुसरा. खाली लिहिलेले असते, 'प्रिंटर हे आउटपुट साधन आहे.' वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे वर्गीकरण चुकीचे नाही. आमची तक्रार आहे ती त्या एकाच बाणाबद्दल.

१९८१ च्या आयबीएम पीसीला प्रिंटर जोडण्याची पद्धत पाहा. सेंट्रॉनिक्स कंपनीच्या प्रिंटरांमुळे ती रूढ झाली होती. तिच्यात आठ तारा मजकुराच्या आणि चार संगणकाच्या आज्ञांच्या. उरलेल्या पाच तारांवरून मात्र प्रिंटरच संगणकाशी बोलतो: 'कामात आहे', 'अक्षर मिळाले', 'कागद संपला', 'मी सज्ज आहे', 'बिघाड आहे'. प्रिंटर मोकळा असल्याचे पाहूनच संगणक आठ तारांवर एक अक्षर मांडतो आणि 'स्ट्रोब' तारेवरून 'आता घे' अशी खूण करतो. तो पुन्हा मोकळा झाल्याचे कळेपर्यंत पुढचे अक्षर जात नाही. या ठरलेल्या शिस्तीलाच प्रोटोकॉल म्हणतात.

ही शिस्त कशासाठी? समजा, एकेरी तारेवरून सेकंदाला ९६०० बिट जातात. एका अक्षराला १० बिट लागले, तर ९६० अक्षरे झाली. प्रिंटर मात्र सेकंदाला २०० अक्षरेच छापतो. म्हणजे दर सेकंदाला ७६० अक्षरे साचणार आणि २०४८ अक्षरांची स्मृती तीन सेकंदांच्या आत भरणार! पुढचा मजकूर हरवू नये म्हणून प्रिंटर १९ क्रमांकाचा संकेत पाठवतो. त्याचा अर्थ 'थांब'. जागा झाली की १७ क्रमांकाचा, म्हणजे 'पाठव'. उलटा बाण नसेल तर हे संकेत जाणार कोठून?

ही चूक केवळ आकृतीपुरती राहत नाही. एका शाळेत प्रश्नपत्रिका छापताना कागद संपला. आज्ञा पोचलीच नाही असे समजून शिक्षकांनी ती पाच वेळा दिली. संगणकाने पाचही कामे रांगेत ठेवली होती. कागद भरताच पाच संच बाहेर पडले. नको असलेले चार संच तेथेच पडून राहिले. परीक्षेच्या आदल्या दिवशी याचा अर्थ काय होतो, हे शिक्षकांना सांगायला नको. 'प्रिंटर काय म्हणतो आहे?' हा प्रश्न कोणाला सुचलाच नाही, कारण प्रिंटर काही म्हणतो हेच कोणी शिकवले नव्हते.

१९९४ च्या आयईईई १२८४ मानकाने दुहेरी संवादाला रीतसर स्थान दिले. यूएसबीवरही प्रिंटरची स्थिती संगणकाला विचारता येते. पुस्तकातील बाण मात्र एकच राहिला.

वर्गात हा प्रयोग करून पाहावा. फळ्याकडे तोंड करून, न थांबता श्रुतलेखन घाला. मग मुलांना 'थांबा' म्हणून हात वर करण्याची मुभा द्या आणि त्यांच्याकडे पाहून पुन्हा घाला. दोन्ही वह्या तपासल्यावर दुसरा बाण मुलेच काढतील.