वगातली नटी

विठाबाई नारायणगावकरांचं नाव निघालं की एक प्रसंग हटकून सांगितला जातो. दिवस भरलेले, फडाचा खेळ ऐन रंगात. कळा सुटल्या तशा विठाबाई कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. बेल्हे, आळे, ओतूर, मंचर या उत्तर पुणे जिल्ह्याच्या सगळ्या पट्ट्यात ही गोष्ट म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत ठाऊक आहे. पण त्या रात्री वग कोणता होता, त्यात त्या कुणाचं काम करत होत्या, हे सांगणारे सांगत नाहीत. बाईचा सोसण्याचा गुण आपण जपून ठेवला, अभिनयाचा गुण मात्र विसरून गेलो. तमाशाच्या आजच्या अवस्थेचं मूळ मला या विसरण्यात दिसतं.

विठाबाईंचा जन्म 1935 सालचा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड तेव्हा गाजत होता. लहानपणीच बोर्डावर उभी राहिलेली ही मुलगी पुढे फडाची मालकीण झाली. 1962 च्या चीन युद्धात तिनं सीमेवरच्या जवानांपुढे कला सादर केली. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला. तरी अखेरची वर्षं हलाखीत गेली आणि 15 जानेवारी 2002 रोजी विठाबाई गेल्या. 2006 पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं. कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा करून वारसा चालवला. योगीराज बागूल यांनी विठाबाईंवर पुस्तक लिहिलं. म्हणजे चरित्र आहे, सन्मान आहे, वारस आहेत. नाही ती त्यांच्या अभिनयाची समीक्षा.

ती का नाही, हे कळायला तमाशाचा क्रम ध्यानात घ्यावा लागतो. आधी गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. एकेकाळी बाईचं काम नाच्या पोऱ्याच करायचा. शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळाबाई पठ्ठे बापूरावांच्या जोडीनं बोर्डावर आली आणि हे चित्र बदललं. तेव्हापासून तमाशातल्या बाईला गवळणीतही उभं राहावं लागतं आणि वगातही. गवळणीत मावशी आणि पेंद्या काय टाकतील याचा नेम नसतो, त्याला जागच्या जागी उत्तर द्यावं लागतं. नऊवारी नेसून, पायात चाळ बांधून लावणी करणारी बाई तासाभरानं वगात दरोडेखोराची आई होऊन येते. वगाची छापील संहिता बहुतेकदा नसतेच. फडमालक कथानक सांगतो, प्रवेश ठरवतो, संवाद नट-नट्या उभे करतात, त्यामुळे समीक्षेला कागदावर काही उरत नाही.

वग जवळून पाहिला तर हे कसब कळतं. माईक बोर्डाच्या पुढच्या कडेला लटकलेले असतात. नटी मागून धावत येते, माईकपाशी थबकते, वाक्य फेकते आणि बोलता बोलताच मागे सरून दुसऱ्याला जागा देते. रडायचं झालं तरी आवाज माईकच्या तोंडाशी हवा आणि चेहरा कनातीपाशी बसलेल्या शेवटच्या माणसाला दिसायला हवा. समोर हजारोंचा जमाव, मध्येच शिट्ट्या. त्याला गप्प करायचं काम ढोलकीचं नाही, नटीच्या पहिल्या वाक्याचं. कांताबाई सातारकरांसारख्या नट्यांनी आयुष्यभर हेच केलं.

सिनेमानं या बाईला पडद्यावर आणलं, पण अर्धीच. 1947 चा ‘रामजोशी’, 1959 चा ‘सांगत्ये ऐका’, 1972 चा ‘पिंजरा’, 2022 चा ‘चंद्रमुखी’ ही परंपरा मोठी आहे. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. हंसा वाडकर, जयश्री गडकर, संध्या यांनी त्या भूमिकांत जीव ओतला, याबद्दल दुमत नाही. मात्र या पटांतून तमाशातली बाई बहुतेक वेळा तिच्यावर भाळलेल्या पुरुषाच्या नजरेनं दिसते आणि तिची कला लावणीपाशी संपते. टीव्हीनं ती कला आणखी छोटी केली. ‘ढोलकीच्या तालावर’सारख्या स्पर्धेत काही मिनिटांची लावणी होते, परीक्षक गुण देतात, वगाला तिथं जागाच नाही. आता जत्रेतला प्रेक्षक तीच लावणी मागतो, तीही चालू सिनेमाच्या गाण्यावर.

फ्रान्सची सारा बर्नहार्ट ही विठाबाईंसारखीच स्वतःची मंडळी चालवणारी नटी. 1906 साली अमेरिकेच्या टेक्सासमध्ये तिनं तंबूत खेळ केले. 1899 साली ती हॅम्लेट झाली आणि पुढच्याच वर्षी त्यातला द्वंद्वाचा प्रवेश कॅमेऱ्यानं टिपला. शंभरावर वर्षं झाली तरी तिच्या भूमिकांवर तिथं लिहिलं जातं, कारण समीक्षकांनी तिला पहिल्यापासून नटी मानलं. तंबू दोघींचाही होता, फरक पाहणाऱ्यांच्या नजरेत होता.

आज वग आक्रसतो आहे, त्याची कारणं उघड आहेत. वग खेळाच्या शेवटी, रात्र चढल्यावर सुरू व्हायचा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आल्यापासून पहिली कात्री त्यालाच लागते. ट्रक, जनरेटर आणि मोठा ताफा पोसायचा खर्च वाढला. कोरोनात 2020 आणि 2021 चे जत्रांचे हंगाम बुडाले, तेव्हाची कर्जं फडमालकांना जड गेली. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येऊन सुपारी ठरवतात. तिथं बोलणं होतं ते रकमेचं, तारखेचं आणि फडात नाचणाऱ्या मुली किती, याचं. वग कोणता आणि त्यात कोण उभं राहणार, हा प्रश्न मागे पडला. मागणीच नसेल तर नवी मुलगी वग शिकणार कशासाठी?

तमाशाचा हा भाग सावरायचा तर दोन गोष्टी हव्यात. पहिली विद्यापीठं आणि नाट्यसंस्थांनी करायची: चालू फडांचे पूर्ण खेळ, गणापासून वगाच्या शेवटापर्यंत, प्रत्यक्ष जत्रेत, समोरच्या प्रेक्षकांसह चित्रित करावेत. आजवर हे थोडंफार काम कॅसेट आणि व्हीसीडीवाल्यांनी धंद्यापोटी केलं, तेवढ्यावर भागत नाही. दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. बेल्हे, राजुरी, आळे, ओतूर या गावांच्या जत्रा कमिट्यांनी सुपारी देताना वगाचं नाव आधी विचारावं, खेळ संध्याकाळी लवकर सुरू करावा आणि वगाला पूर्ण वेळ द्यावा. बैलाच्या बाजारात दात बघितल्याशिवाय इसार न देणारी आपली माणसं आहेत. तीच पारख वगातल्या नटीला लावली, तर ती कला पुन्हा उभी राहायला फार हंगाम लागणार नाहीत.