क्रियात्मक पोटफुगी : प्रतिजैविके व प्रोबायोटिक्स यांच्या उपयुक्ततेची चिकित्सा

प्रस्तावना :
पोट फुगल्याची व ताठरल्याची संवेदना वारंवार व्हावी आणि तपासण्यांत मात्र आतड्याचा कोणताही रचनात्मक दोष आढळू नये, या अवस्थेस क्रियात्मक पोटफुगी म्हणतात. पचनविकारांच्या ‘रोम’ निकषांत तिला स्वतंत्र स्थान आहे. तिच्यावर प्रतिजैविके व प्रोबायोटिक्स असे दोन उपाय सुचविले जातात. पहिला आतड्यातील जिवाणू घटवितो, तर दुसरा त्यांत भर घालतो. दिशा परस्परविरुद्ध असल्या तरी दोहोंचे गृहीतक एकच आहे : विकाराचे मूळ जिवाणूंत व त्यांनी निर्मिलेल्या वायूत असते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे.

पुराव्याचे स्वरूप :
रिफॅक्सिमिन हे आतड्यातून अत्यल्प शोषले जाणारे प्रतिजैविक होय. बैरुत येथे झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२४ रुग्णांवर दहा दिवस उपचार झाले. औषध घेणाऱ्यांपैकी ४१.३ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २२.९ टक्के रुग्णांना आराम वाटला. उपचार थांबल्यानंतर दहा दिवसांनी हेच प्रमाण अनुक्रमे २८.६ व ११.५ टक्क्यांवर उतरले. अमेरिका व कॅनडा येथील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. बद्धकोष्ठता नसलेल्या इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या १२६० रुग्णांत पोटफुगीपासून आराम ४०.२ विरुद्ध ३०.३ टक्के असा आढळला. याचा अर्थ असा की, दहा जणांना औषध दिल्यास एकास अधिकचा लाभ होतो. तिघांना तो निष्क्रिय गोळीनेही झाला असता. परिणाम खरा आहे. परंतु तो अल्प आहे.

प्रोबायोटिक्सची बाजू याहून दुबळी आहे. २०११ मधील ६० रुग्णांच्या एका अभ्यासात दोन विशिष्ट जिवाणूंच्या मिश्रणाने पोटफुगी कमी झाली. मात्र एका वाणाचे फलित दुसऱ्या वाणास लावता येत नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या रुग्णांसाठी प्रोबायोटिक्सचा वापर संशोधन-चाचण्यांपुरता मर्यादित ठेवण्याची शिफारस केली.

गृहीतकाची मर्यादा :
बार्सिलोना येथील संशोधकांनी सीटी स्कॅनच्या साहाय्याने दाखविले की, अनेक रुग्णांत पोट फुगलेले असताना वायूत फारशी वाढ झालेली नसते. श्वासपटल खाली उतरते आणि पोटाची पुढील भिंत सैल होऊन पुढे येते. जेथे दोष स्नायूंच्या समन्वयाचा आहे, तेथे जिवाणू मारून वा वाढवून काय साधणार? अशा रुग्णांस श्वसनाचे व स्नायूंचे प्रशिक्षण, तर इतर काहींस आहारातील बदल अधिक युक्त ठरतो.

किमतीचा प्रश्न :
अल्प लाभाची किंमत केवळ रुग्णच मोजतो असे नाही. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, रिफॅक्सिमिनच्या वापरामुळे काही एन्टेरोकॉकस जिवाणूंत डॅप्टोमायसिन या अखेरच्या फळीतील औषधाविरुद्ध प्रतिरोध निर्माण होतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हेही रिफॅक्सिमिनच्याच कुळातील आहे. क्षयरोगाचा मोठा भार वाहणाऱ्या भारतासारख्या देशाने या कुळातील औषधे जपून वापरणे इष्ट होय.

निष्कर्ष :
प्रतिजैविकाचा वापर निवडक रुग्णांत व मर्यादित काळासाठी समर्थनीय ठरतो. प्रोबायोटिक्सचा सरसकट वापर तूर्त समर्थनीय ठरत नाही. पोटफुगी हे एकच नाव असले, तरी तिची कारणे अनेक आहेत. कारणाचा शोध न घेता केलेला उपचार रोगाचा नसून गृहीतकाचा उपचार ठरतो.