'तोटा' या शब्दाचा हिशेब

एसटीची बातमी आली की मथळ्यात 'तोटा' हमखास असतो आणि त्याच्या मागोमाग 'अनुदान' येते. एसटीविषयी हाती येईल ते वाचताना मला वाटू लागले आहे, की या दोन शब्दांनी आपला विचार जेवढा घडवला त्याहून अधिक अडवला आहे.

घोळाचे मूळ कायद्यातच आहे. १९५०च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचे कलम १८ पुरेशी, कार्यक्षम आणि किफायतशीर सेवा देण्याचे कर्तव्य महामंडळावर टाकते; कलम २२ म्हणते, कारभार व्यापारी तत्त्वांवर करा. शिवाय कलम ३४ खाली राज्य सरकार आदेश देऊ शकतेच. दुकान तुम्ही चालवा, सूट किती द्यायची ते आम्ही सांगू!

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. या सवलतींपोटी सरकार देते त्या रकमेला कागदोपत्री 'प्रतिपूर्ती' म्हणतात, बोलताना मात्र तिची 'मदत' होते. पण बाईने अर्धे तिकीट काढले आणि उरलेले अर्धे सरकारने भरले, तर सरकार येथे दाता नसून गिऱ्हाईक ठरते. दुसरीकडे याच प्रवासी भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर महामंडळ सरकारी तिजोरीत वर्षानुवर्षे भरत आले. त्याला कोणी एसटीने सरकारला केलेली मदत म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

शब्दाची झळ बसते ती मुक्कामी गाडीला. संध्याकाळी आडगावी जायचे, चालक-वाहकांनी तिथेच पथारी पसरायची आणि पहाटे दूधवाले, कॉलेजची पोरे, तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे घेऊन परतायचे. अशा फेरीचे भारमान कमीच असणार. व्यापारी तत्त्वाने ती आधी बंद व्हावी, कलम १८ प्रमाणे ती शेवटपर्यंत चालावी. गावाच्या डांबरी रस्त्याला मात्र कोणी भारमान विचारत नाही.

याचा अर्थ एसटीच्या कारभाराला मोकळीक द्यावी असा नव्हे. उलट, सवलतींचा भार, आडमार्गावरच्या फेऱ्यांचा खर्च आणि निव्वळ ढिसाळपणा हे तिन्ही एकाच 'तोट्या'त ओतले की तिसऱ्याला आयताच आडोसा मिळतो. युरोपीय संघाच्या २००७च्या नियमानुसार सार्वजनिक सेवेची भरपाई कशाच्या आधारे काढायची, हे करारातच आधी ठरवावे लागते. आपल्याकडेही प्रत्येक मुक्कामी फेरी सरकारने ठरावीक दराने विकत घेतली आहे, अशी नोंद ताळेबंदात करता येईल. मग ती बंद करताना आगारप्रमुखाला भारमानाचा आकडा पुढे करता येणार नाही. खरेदी का थांबवली, ते सरकारला विधानसभेत सांगावे लागेल.