शिमोनाची तलवार

नाताळच्या कथेतून लहान मुलांना अलंकार शिकविणारे पाठ आमच्या पाहण्यात येतात. त्यांतील बहुतेक उपमा बर्फाच्या असतात. नागपूरच्या मुलाला ठाऊक असलेला बर्फ उसाच्या रसवंतीतला, तोही मे महिन्यातला! डिसेंबरात त्याच्यासमोर संत्र्यांचे ढीग असतात. पाठात त्यांचा पत्ता नसतो. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त मराठीची थोरवी सांगताना त्यांनी मायदेशीचे हिम आठविले नाही. मोगरी व कस्तुरी जवळ केली.

परंतु आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. हे पाठ मेंढपाळांपाशी संपतात. संत लूकने गव्हाणीचा प्रसंग अगदी साध्या शब्दांत सांगितला आहे. तेथे उपमा शोधू जाता हाती फारसे लागत नाही. रूपक येते ते पुढे, मंदिरात, वृद्ध शिमोनाच्या मुखी. मरियेच्या जिवातून आरपार जाणारी ती तलवार! मुलांना ती झेपणार नाही, अशी समजूत असावी.

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने विचारले, "फादर, ती तलवार कोणी उपसली?" व्याकुळ मातेच्या चित्रात त्याने ती पाहिली होती. आम्ही विचारले, "आजीला रुग्णालयात नेले, तेव्हा तुझ्या आईला काय झाले?" तो म्हणाला, "तिच्या पोटात गोळा आला." "कसला गोळा? कोणी ठेवला?" तो क्षणभर थांबला आणि हसला. व्याख्या सांगण्याची गरज उरली नाही. रूपक त्याच्या घरीच बोलले जात होते.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. हिब्रू भाषेत बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. गव्हाणीतल्या बाळाकडून वर्ग पुढे ख्रिस्तशरीराकडे वळतोच. 'देवाचे कोकरू' हे रूपक आहे, 'मी द्वार आहे' हेही रूपकच. पण वेदीवरचे ख्रिस्तशरीर रूपक नव्हे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ साली हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. प्रत्येक पवित्र वचनाला 'म्हणजे जणू' असे शेपूट लावणारा शिक्षक ही सीमा नकळत पुसून टाकतो, आणि मग मूल विचारते, "हेसुद्धा जणूच का?"

तो मुलगा येत्या वर्षी प्रथम ख्रिस्तशरीराच्या वर्गात बसेल. प्रश्न विचारल्यावाचून तो राहणार नाही, हे आम्ही जाणून आहोत.